पक्षाच्या अधिवेशनाला पुन्हा जावं का? (जरा मोठं लिहिलंय)

दुसरी_रांग

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच.

गेल्या वेळी मी पहिल्यांदा आमच्या पक्षाच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेले. कुठला पक्ष ते मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर सगळा धागा त्या पक्षावरच जाईल आणि मला जे विचारायचंय ते राहून जाईल. तर दारात नोंदणी झाली, बॅज गळ्यात अडकवला, आणि खरं सांगते, घसा दाटून आला. नाव हाताने लिहिलेलं होतं, त्यात एक वेलांटी चुकलेली, तरी दोन दिवस मी तो बॅज काढला नाही. इतकी वर्षं पत्रकं वाटली, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरले, आणि आता जिथे पक्षाचं धोरण ठरतं तिथे मी बसणार होते.

संघटनेच्या ठरावाला मी एक उपसूचना तयार केली होती. एकच ओळ: पक्षाचा जमाखर्च दरवर्षी सभासदांसमोर ठेवण्यात यावा. आदल्या रात्री अनुमोदकाची सही घेऊन ती ठराव समितीकडे दिली, पोच मागितली तर म्हणाले पोच कशाला, आपलाच पक्ष आहे.

दुसऱ्या दिवशी भाषणं लांबली. संघटनेचा ठराव शेवटी आला तेव्हा अर्धे लोक बाहेर फोटो काढत होते. मागच्या रांगांमधल्या खुर्च्या स्वयंसेवक एकात एक घालायला लागले होते, त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा ठक् ठक् आवाज आणि माईकवरचं ठरावाचं वाचन दोन्ही एकदमच ऐकू येत होतं. वाचून संपलं, अध्यक्षांनी विचारलं सर्वांना मान्य आहे ना, समोरून टाळ्या झाल्या, मंजूर मंजूर. माझी उपसूचना वाचलीच नाही. मी उभी राहिले, हात वर केला, माईक माझ्यापासून चार रांगा लांब होता. एक वरिष्ठ जवळ आले आणि अगदी मायेने म्हणाले, पुढच्या वेळी बघू ताई, आता वेळ झालाय.

परतताना गाडीत शेजारी बसलेला आमचाच एक कार्यकर्ता म्हणाला, आधीच ठरलेलं असतं सगळं, आपण टाळ्या वाजवायला जातो. आणि मागच्या सीटवर एक तरुण मुलगा होता, तो अजून समारोपाच्या भाषणातच होता, बोलताना डोळे भरून येत होते त्याचे. मी त्याला विचारलं ठरावाचा मसुदा वाचलास का, तर म्हणाला मिळाला पण उघडला नाही.

तेव्हापासून मनात घोळतंय. या दोघांनीही व्यासपीठच पाहिलं, एकाला ते खोटं वाटलं आणि दुसऱ्याला पवित्र. कागद दोघांनीही वाचला नव्हता. आता पुढचं अधिवेशन जाहीर झालंय आणि माझं नाव पुन्हा यादीत आहे. जावं का? गेले तर काय धरून जावं? कृपया मनापासून लिहा.

जुना_कार्यकर्ता

ताई, मनापासून लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो. मी वीस वर्षं जात होतो, आता जात नाही. पहिली काही वर्षं तुमच्यासारखाच मसुदे घेऊन जायचो. मग लक्षात आलं की कोण बोलणार याची लिस्ट आधी ठरते, त्यातल्या कोणी काय बोलायचं हेही ठरतं, आणि जे ठरवतात ते हॉलमध्ये बसतच नाहीत, ते कुठल्यातरी खोलीत असतात. हॉलमधल्या माणसांची गरज फोटोत गर्दी दिसावी एवढ्यापुरतीच.

मला राग याचा नाही की माझं ऐकलं नाही. राग याचा आहे की माझ्या भरवशावर मी गावोगावची तरुण पोरं घेऊन गेलो, त्यांना सांगितलं तुमचं मत मोजलं जाईल, आणि ते मोजलं गेलं नाही. त्यातले बरेच जण आता कुठल्याच सभेला येत नाहीत. ते माझ्या मनाला फार लागलंय. तुम्ही जा किंवा नका जाऊ, पण खोटी आशा दाखवून दुसऱ्या कोणाला बरोबर नेऊ नका एवढंच म्हणेन.

कात्रणवही

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण हॉलमध्ये काहीच घडत नाही हे मला पटत नाही. थोडा इतिहास सांगतो, कारण दुसरी_रांग यांचा प्रश्न फार जुना आहे.

१९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये हसरत मोहानी या नेत्याने संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. गांधीजींनीच विरोध केला आणि ती फेटाळली गेली. १९२७ ला मद्रासला स्वातंत्र्याचा ठराव झाला पण मोठ्या नेत्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. मग १९२८ चं कलकत्ता अधिवेशन. नेत्यांचं ठरलं होतं की वसाहतीच्या स्वराज्याची (म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहूनच स्वराज्य) मागणी करायची आणि सरकारला एक वर्षाची मुदत द्यायची. सुभाषबाबूंनी संपूर्ण स्वातंत्र्याची उपसूचना आणली आणि त्यावर मतं मोजली गेली, ९७३ बाजूने आणि १३५० विरुद्ध. उपसूचना पडली. पण आता विचार करा, गांधीजी समोर उभे असताना ९७३ प्रतिनिधींनी विरुद्ध बाजूला हात वर केला आणि तो आकडा कागदावर राहिला. त्यानंतर कोणालाही म्हणता येईना की ही चार उतावळ्या पोरांची मागणी आहे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२९ मध्ये, लाहोरला रावीच्या काठी पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि तो गांधीजींनीच मांडला.

म्हणून माझं मत असं की ताई, तुमची उपसूचना पडली असती तरी चाललं असतं. ती मोजली गेली नाही हे वाईट झालं. पडलेल्या ठरावाला आकडा असतो आणि त्या आकड्यावर पुढचं काम उभं राहतं, न वाचलेल्या ठरावाचं मागे काहीच उरत नाही.

जुना_कार्यकर्ता

कात्रणवही, तुम्ही लाहोरवर थांबलात, दहा वर्षं पुढे या. जानेवारी १९३९, अध्यक्षपदाची निवडणूक, सुभाषबाबूंना १५८० मतं आणि गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभि सीतारामय्यांना १३७७. मोजलेली मतं, रीतसर निवडणूक. मग मार्चमध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनात काय झालं? अध्यक्ष तापाने फणफणलेले, आणि अधिवेशनाने ठराव केला की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. एप्रिलमध्ये राजीनामा. म्हणजे मतं मोजूनसुद्धा ज्यांच्या हातात संघटना होती त्यांना हवं तेच झालं. आकड्यावर इतका भरवसा ठेवू नका.

कात्रणवही

मान्य, त्रिपुरी मलाही सलते. पण एक बघा, त्रिपुरीला जे झालं तेही ठराव आणूनच करावं लागलं, मनात आलं आणि करून टाकलं असं नाही. विरोधकांना प्रतिनिधींसमोर उभं राहून आपली बाजू मांडावी लागली, मतं मिळवावी लागली, म्हणून आज पंच्याऐंशीहून जास्त वर्षांनी तुम्ही मी नावानिशी भांडू शकतोय की चूक कोणाची. बंद खोलीतल्या निर्णयावर असं भांडता येत नाही.

उंबरठा

मी तीन अधिवेशनांत कार्यालयाच्या बाजूने काम केलंय, नोंदणीच्या टेबलावर आणि नंतर इतिवृत्त लिहिणाऱ्यांत. ताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं कारण दुसऱ्या बाजूने हेच मी पाहिलंय.

एकदा ठराव मांडायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे इतिवृत्ताचा कच्चा मसुदा आला, त्यात सगळ्या ठरावांपुढे 'एकमताने मंजूर' आधीच टाईप केलेलं होतं. मी विचारलं, अजून चर्चाच झाली नाही तर हे कसं. उत्तर मिळालं, नंतर घाई होते म्हणून. त्यात कोणाचं मोठं कारस्थान होतं असं मला आजही वाटत नाही. काम उरकायची सवय होती, आणि कोणी हरकत घेत नाही याची खात्री होती.

तर मला जे कळलंय ते सांगते. 'एकमताने' हा शब्द आपोआप येतो, तो काढायला मात्र कोणीतरी उभं राहावं लागतं. आवाजी मतदान झालं की अध्यक्षांनी निकाल पक्का जाहीर करायच्या आत उठून मोठ्याने म्हणायचं, मतविभागणी मागते, म्हणजे हात मोजा. नंतर नाही, त्या दोन-तीन सेकंदांतच. बहुतेक पक्षांच्या घटनेत किंवा सभा चालवायच्या नियमांत याची काही ना काही तरतूद असते, ती आधी शोधून, पानाला खूण करून, पुस्तिका हातात ठेवायची. आणि माईकची वाट बघायची नाही. आमच्या एका अधिवेशनात एक शिक्षिका होत्या, त्यांनी माईकशिवाय असा खणखणीत आवाज लावला की व्यासपीठावरचे सगळे थांबले. मोजणी झाली. त्या हरल्या, खूप मतांनी. पण मी इतिवृत्तात आधी टाईप केलेलं 'एकमताने' खोडलं आणि आकडे लिहिले, तेव्हा मला वाटलं की आज मी खरं काम केलं.

अजून एक, जे कोणी लक्षात घेत नाही. अधिवेशनाचा निम्मा निकाल नोंदणीच्या टेबलावर लागतो. प्रतिनिधी कोण, कोणाचं नाव यादीत आहे, कोणाचं ऐनवेळी गळलं, हे तिथे ठरतं. आदर्शवादी माणसं भाषणाच्या वेळेला येतात, यादी तपासायला कोणी येत नाही.

नवमतदार

सगळं वाचलं. मी कुठल्याच पक्षात नाही, वय २२. मला प्रामाणिक प्रश्न पडलाय की एवढी शक्ती खर्च करून दोन ओळी बदलायच्या, त्यापेक्षा एखाद्या संस्थेत काम केलं तर डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो ना? माझे मित्र-मैत्रिणी सगळे हेच म्हणतात, पक्ष म्हणजे घाण, लांब रहा. मला तसं म्हणायला आवडत नाही पण उलट बोलायला मुद्देही नाहीत माझ्याकडे.

सांजवेळ

नवमतदार, छान विचारलंत. मी बरीच वर्षं राजकीय बातमीदारी केली, अधिवेशनं कव्हर केली आणि परदेशातल्या अधिवेशनांबद्दलही वाचत आलोय. तुमच्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे.

१९४८, अमेरिका, फिलाडेल्फिया, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. ह्यूबर्ट हम्फ्री नावाचा मिनियापोलिसचा महापौर, वय ३७. पक्षाच्या जाहीरनाम्यात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांबद्दल गुळमुळीत वाक्यं होती, कारण दक्षिणेकडच्या राज्यांना दुखवायचं नव्हतं. याने आणि याच्या साथीदारांनी ठाम कलम आणलं. थोरामोठ्यांनी बजावलं की पक्ष फुटेल आणि तुझं राजकारण संपेल. तरी तो बोलला, दहा मिनिटांच्या आतबाहेरचं भाषण. मग राज्याराज्यांची मतं मोजली गेली, ६५१.५ विरुद्ध ५८२.५ (तेव्हा काही प्रतिनिधींना अर्धं मत असायचं). कलम मंजूर. दक्षिणेकडचे काही प्रतिनिधी उठून बाहेर गेले, त्यांनी वेगळा पक्ष काढून उमेदवार उभा केला. आणि इतकं होऊनही डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन पुन्हा निवडून आले. अधिवेशनानंतर दोन आठवड्यांच्या आत त्यांनी सैन्यातला वर्णभेद संपवायचा आदेशही काढला. तर दोन ओळींनी काय होतं याचं हे एक उत्तर. एखादी संस्था शंभर माणसांना आधार देईल, ते मोलाचंच आहे, पण सैन्याचा नियम तिला बदलता येत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६४, ॲटलांटिक सिटी, पुन्हा तोच पक्ष. मिसिसिपी राज्यातून सगळे गोरे प्रतिनिधी आले होते, कारण तिथे कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदवूच देत नसत. त्यांच्या विरोधात मिसिसिपीच्याच लोकांनी आपला वेगळा पक्ष काढून स्वतःचे प्रतिनिधी आणले. त्यात फॅनी लू हेमर होत्या. शेतमजूर बाई, मतदारनोंदणी करायला गेल्या म्हणून राहतं घर आणि काम गेलेलं, कोठडीत बेदम मारहाण झालेली. २२ ऑगस्टला त्यांनी अर्हता समितीसमोर (खरे प्रतिनिधी कोण ते तपासणारी समिती) साक्ष दिली. आणि बघा, उंबरठा म्हणतात ते नोंदणीचं टेबलच होतं ते, प्रतिनिधी कोण हाच प्रश्न. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वेळी घाईघाईने पत्रकारांसमोर येऊन कॅमेरे स्वतःकडे वळवले. पण संध्याकाळी वाहिन्यांनी हेमरबाईंची साक्ष दाखवलीच, देशभर.

मग तडजोड आली, अख्ख्या शिष्टमंडळाला मिळून फक्त दोन जागा. आणि ती तडजोड गळी उतरवायला कोणाला पाठवलं? हम्फ्रीला. १९४८ चा तोच माणूस, आता उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या दारात उभा. हेमरबाईंनी नकार दिला, दोन जागांसाठी आम्ही एवढ्या लांब आलेलो नाही म्हणाल्या. आणि १९६८ ला शिकागोत, बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत असताना, हम्फ्रीला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, तीही एकही प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत मतदारांचं मत घेतात ती) न लढवता. व्हिएतनाम युद्ध थांबवा म्हणणारं कलम त्याच अधिवेशनात पडलं.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा फार खिन्न झालो होतो. असं वाटलं की जुना_कार्यकर्ता म्हणतात तेच खरं, माणूस आत गेला की संपला. पण मग त्याच १९६८ च्या अधिवेशनातली दुसरी गोष्ट. मिसिसिपीच्या त्या जुन्या शिष्टमंडळाला यावेळी बसूच दिलं नाही, कारण १९६४ च्या तडजोडीतच एक कलम होतं की यापुढे वर्णभेद करून निवडलेलं शिष्टमंडळ चालणार नाही. फॅनी लू हेमर अधिकृत प्रतिनिधी म्हणून आत आल्या आणि लोक उभे राहिले त्यांच्यासाठी. त्याच अधिवेशनातून प्रतिनिधी निवडायचे नियम बदलणारा आयोग निघाला आणि १९७२ मध्ये स्त्री प्रतिनिधींचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ४० च्या आसपास गेलं. म्हणजे एकीकडे हम्फ्री बदलला, पण त्याने १९४८ ला मंजूर करून घेतलेलं कलम परत गेलं नाही, आणि हेमरबाईंनी जे मागितलं ते चार वर्षांनी नियम होऊन आलं. माणसावर ठेवलेला विश्वास तुटतो, फार वेळा तुटतो. मंजूर झालेला नियम मोडायला मात्र समोरच्याला पुन्हा उघडपणे मैदानात यावं लागतं.

जुना_कार्यकर्ता

सांजवेळ, हेमरबाईंचं मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

पण पूर्ण सांगायचं तर हेही सांगा की तो नियम बदलणारा आयोग ज्यांच्या अध्यक्षतेखाली होता त्या मॅकगव्हर्न यांनाच १९७२ ला उमेदवारी मिळाली आणि ५० पैकी ४९ राज्यांत ते हरले. आतलं घर स्वच्छ करून बाहेरची निवडणूक जिंकता येतेच असं नाही. पक्षातले वरिष्ठ नेमकं हेच आमच्या तोंडावर फेकतात, आधी जिंकू द्या मग लोकशाही करू.

सांजवेळ

हो, बरोबर आहे, लपवायचं कारण नाही. जिंकण्याची हमी कोणी देत असेल तर तो फसवतोय. मी एवढंच म्हणेन की ते हरले तरी नियम राहिले, आज कोणी प्राथमिक निवडणुका टाळून उमेदवार ठरवायचा प्रयत्न केला तर त्याला लोकांना उत्तर द्यावं लागतं.

आणि दुसरीकडे अधिवेशनं पोकळ होत गेली हेही खरंच. १९२४ ला न्यूयॉर्कला याच डेमोक्रॅटिक पक्षाला उमेदवार ठरवायला १०३ फेऱ्या लागल्या होत्या मतदानाच्या, आणि १९५२ नंतर तिथल्या दोन मोठ्या पक्षांत पहिल्या फेरीपलीकडे जायची वेळच आली नाही. टीव्हीसाठी सोहळा होतो आता. बातमीदार म्हणून आम्हीही त्याला हातभार लावला, कॅमेरा नेहमी व्यासपीठाकडे ठेवला, ठराव समितीच्या खोलीबाहेर कधी उभे राहिलो नाही. ही माझी चूक मला खरोखर बोचते.

नवमतदार

धन्यवाद सांजवेळ. मला वाटायचं दोनच पर्याय आहेत, एकतर भक्त व्हायचं नाहीतर लांब रहायचं. हेमर यांच्याबद्दल आज शोधून वाचणार आहे. एक शंका, ज्यांना नोंदणीच नाकारली जाते त्यांनी आधी काय करायचं, म्हणजे मुळात प्रतिनिधी म्हणून जायलाच मिळत नसेल तर?

कात्रणवही

नवमतदार, मिसिसिपीच्या लोकांनी काय केलं ते बघा, त्यांनी गावपातळीपासून स्वतःच्या सभा घेतल्या, नियमाप्रमाणे प्रतिनिधी निवडले आणि कागद घेऊन दारात गेले. म्हणजे आम्हाला घ्या अशी विनंती त्यांनी केलीच नाही, खरे प्रतिनिधी आम्हीच आहोत हे पुराव्यानिशी दाखवलं.

आणि जागेचाही फरक पडतो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, फैजपूरला. तोवर शहरातच व्हायचं. खेड्यात नेल्यावर शेतकरी पायी येऊन बसू शकले आणि त्याच अधिवेशनात शेतसारा, खंड (कुळाने जमीनमालकाला द्यायचं भाडं) आणि कर्ज यांबद्दलचा कार्यक्रम ठरला. हे योगायोगाने झालं असं मला नाही वाटत. दारात कोण पोचू शकतं यावर आत काय बोललं जातं ते ठरतं.

दुसरी_रांग

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मला काय बोलावं कळत नाहीये. रात्री सगळं पुन्हा वाचलं.

मी जाणार आहे. उंबरठाताई, तुम्ही सांगितल्यावर आमच्या पक्षाची घटना काढून बसले, इतकी वर्षं घरात आहे आणि मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. मतविभागणीची तरतूद आहे! एक दशांश उपस्थित प्रतिनिधींनी मागणी केली तर मोजणी करावीच लागते असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे गेल्या वेळी मी एकटी उभी राहिले यात माझीही चूक होती, आधी माणसं जोडायला हवी होती, मी फक्त कागद जोडला. आता पुढचे दोन महिने मी यादीतल्या प्रतिनिधींना एकेक करून फोन करणार आहे. आजपर्यंत अकरा झाले. चार हो म्हणाले, दोघं म्हणाले बघू, एकांनी फोन ठेवून दिला, बाकीच्यांनी विचारलं तुमच्यामागे कोण आहे. कोणी नाहीये म्हटलं तर विश्वास बसत नाही लोकांचा.

जुना_कार्यकर्ता काका, तुमचं ते वाक्य डोक्यातून जात नाही, खोटी आशा दाखवून कोणाला नेऊ नका. म्हणून फोनवर मी प्रत्येकाला आधीच सांगते की उपसूचना बहुतेक पडेल, पण मोजून पडेल. हे ऐकून उलट लोक जास्त नीट बोलतात असा अनुभव आहे.

उपसूचना तीच ठेवलीय: "पक्षाचा जमाखर्च दरवर्षी सभासदांसमोर ठेवण्यात यावा." काही सुचवायचं असेल तर नक्की सांगा.

जुना_कार्यकर्ता

मी येणार नाही ताई, ते माझं ठरलेलं आहे, आग्रह करू नका.

पण ही ओळ अशी देऊ नका. 'ठेवण्यात यावा' म्हणजे कोणी ठेवायचा? 'दरवर्षी' म्हणजे कधीपर्यंत? 'सभासदांसमोर' म्हणजे कुठे, मुख्य कार्यालयाच्या कपाटात ठेवला आणि या बघायला म्हटलं तरी ते समोरच झालं. अशी सैल ओळ मंजूर करून टाकतात आणि मग काहीच करत नाहीत, माझ्या दोन ओळी अशाच गेल्या. हे बघा:

"कोषाध्यक्षांनी आर्थिक वर्ष संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत लेखापरीक्षण झालेल्या जमाखर्चाची प्रत प्रत्येक शाखेला लेखी पाठवावी, आणि शाखेने ती पुढच्या सभेत वाचून इतिवृत्तात नोंदवावी."

दोन प्रती करा, एकीवर तारीख-वेळ टाकून समितीतल्या माणसाची सही घ्या, पोच कशाला म्हणाले तर तिथेच उभ्या रहा. आणि अनुमोदक तीन ठेवा, एखादा ऐनवेळी हॉलच्या बाहेर असतो.

फोनची यादी मला पाठवा. त्यातल्या बऱ्याच जुन्या लोकांना मी ओळखत असेन, त्यांना मी विचारतो.